लिलीचा फोटो

आमच्या खात्यात एक शिक्का मारायचे कागदावर. ‘पैदाशीस अयोग्य.’ गावात वळू तपासायला गेलो की लांबूनच कळायचं मला. चाल बघायची, मागचे पाय बघायचे, पाठीचा कणा बघायचा आणि मालकाला सांगायचं, बाबा रे, हा नको, ठेचून खच्ची कर. मालक हातापाया पडायचा, म्हणायचा डॉक्टर, लय जिवाचा हाय. मी ऐकायचो नाही. हरसूलला सहा वर्षं काढली, मग विंचूर, मग लासलगाव. चौतीस वर्षांच्या नोकरीत असले किती कागद मी लिहिले असतील, मोजदाद नाही. एकदाही हात थरथरला नाही माझा.

आता खरं सांगायचं तर मी डॉक्टर नव्हेच. पशुधन पर्यवेक्षक. डॉक्टर असायचे तालुक्याला, खुर्चीत. चिखलात कोपरापर्यंत हात घालून अडलेली गाय सोडवायला आम्ही. पण गावात कोण पर्यवेक्षक म्हणणार? यादव डॉक्टर म्हणायचे. मीही कधी कुणाला दुरुस्त केलं नाही. आणि माझी धाकटी बहीण नवसा, तिला तर कोण कौतुक! मखमलाबादच्या तिच्या मळ्यात कुणी फुलं घ्यायला आलं आणि मी तिथं बसलेलो असलो, की ती आधी सांगणार, “हा माझा भाऊ. डॉक्टर हाय.” मग फुलांचा भाव.

नवसाचा नवरा लवकर गेला. पाऊण एकराच्या मळ्यात शेवंती, झेंडू, बांधाकडेनं लिली. त्यावर तिनं एकुलता एक ज्ञानेश वाढवला. पोरगं गुणाचं होतं. पहाटे फुलं तोडून पिकअपमधून नाशिकच्या फुलबाजारात न्यायचं आणि नऊ वाजता परत. सत्त्याण्णव साली कुठूनसं कुत्रीचं पिल्लू घेऊन आला. बाप अल्सेशियन, आई गावठी. मला म्हणाला, “मामा, नखं मोजा.” मोजली तर वीस! साध्या कुत्र्याला अठरा असतात. मागच्या पायांना वरती एकेक जास्तीचं नख, म्हणजे विसनखी. आमच्याकडं विसनखी कुत्र्याला लोक लक्ष्मी मानतात, घर सोडत नाही म्हणतात, साप शिरू देत नाही म्हणतात. फुलं पिकवणाऱ्याचं कुत्रं, नाव ठेवलं लिली. ज्ञानेशच्या शेजारच्या सीटवर बसून रोज बाजारात जायची, खिडकीतून तोंड बाहेर काढून.

अठ्ठ्याण्णवच्या दसऱ्याला झेंडू भरून निघाले दोघं. नाक्याजवळ समोरून ट्रक आला. ज्ञानेश जागच्या जागी गेला. तेवीस वर्षांचा होता.

लिली रस्त्याच्या कडेला, सांडलेल्या झेंडूत बसलेली सापडली. उठायचा प्रयत्न करायची आणि मागचा भाग फरफटायचा. लोक म्हणाले, सुई देऊन मोकळी करा. नवसा काही बोलायच्या अवस्थेत नव्हती, पण तिनं माझं मनगट धरलं आणि एवढंच म्हणाली, “दादा, ही त्याच्याजवळ व्हती. हिला जाऊ देऊ नको.”

मग मी इरेला पेटलो. नुकताच निवृत्त झालो होतो, हाताला काम नव्हतं, आणि भाच्याला वाचवायला देवानं संधीच दिली नव्हती. गोणपाटाला चार भोकं पाडली, त्यातून पाय काढले आणि फुलांच्या मांडवाच्या आडव्या बांबूला झोळी टांगली. आंबेहळदीचा लेप, शेक, मालिश. सकाळी अर्धा तास, संध्याकाळी अर्धा तास. पंचवटीतल्या घरून रोज लुना मारत जायचो. बायको म्हणायची, पोटच्या पोरांसाठी एवढं केलं नाहीत. दोन महिन्यांनी, मार्गशीर्षातल्या एका सकाळी, लिली झोळीतून उतरली आणि नवसाच्या मागं मागं शेवंतीच्या वाफ्यापर्यंत चालत गेली. नवसा मटकन खाली बसली आणि ज्ञानेश गेल्यापासून पहिल्यांदा मोकळेपणी रडली. ती चाल सरळ होती हो. मी म्हटलं, हाड सरळ जुळलं. चौतीस वर्षांत जेवढी जनावरं उभी केली त्यांच्यात मी ह्या एका कुत्रीला वर धरतो. पंचक्रोशीत सांगत सुटलो.

एक्स-रे काढला नव्हता. कुत्र्याचा एक्स-रे म्हटल्यावर तेव्हा लोक हसले असते. आणि बोटांनी कळतं म्हणायची मला घमेंड.

पुढं वर्षभर लिली म्हणजे नवसाचा श्वास. ताटातली भाकरी निम्मी तिची. बोलायची तिच्याशी दिवसभर, “चल गं, खुडायला जाऊ,” “बघ गं, ढग आलं.” सकाळी नऊच्या सुमाराला पिकअपसारखा आवाज रस्त्यावर आला की दोघीही एकदम मान वर करायच्या. मी पाहिलंय ते. दोघीही.

दोन हजार सालची संक्रांत होऊन पंधरवडा झाला आणि लिली माजावर आली. आणि लागला वाल्मीक मागं. वाल्मीक म्हणजे शेजारचा द्राक्षवाला. त्याच्याकडं शेरा नावाचा अल्सेशियन, वासराएवढा. “डॉक्टर, विसनखी कुत्रीचं बी वाया घालवू नका. शेरा दाखवू. एक पिल्लू मला, बाकी नवसाआत्याचे.” मला पटत होतं. एक वेत झालं की मादीचं अंग सुटतं, हे मी गावोगाव सांगत आलेलो.

नवसा मात्र अडखळली. म्हणाली, “दादा, ही बसून उठताना जरा डावीकडं कलती. लग्गेच नाय उठत. एकदा शहरातल्या दवाखान्यात दाखवू का?”

मला झोंबलंच. “मी काय मेलोय का?” म्हटलं.

“तसं नाय रे. मला पिल्लू हवं हाय, खोटं कशाला बोलू. हिच्या पोटचं एक राहिलं तर मला मागं कुनीतरी राहील. पर हिला काय व्हनार असंल ना, तर मला नको पिल्लू. मला हीच पुरे.” मग कुत्रीच्या डोक्यावर हात ठेवून म्हणाली, “तू बघून सांग. तू सांगशील ते खरं.”

ही वाक्यं मला पाठ आहेत. तेव्हा नव्हती. तेव्हा मी नुसतं हूं म्हटलं.

तिला फुलं तोडायची होती म्हणून मी एकटाच लिलीला रिक्षात घालून गेलो. कॉलेज रोडच्या बाजूला साधना नावाच्या डॉक्टरीणबाईंचा दवाखाना. पोरगीच होती, माझ्या मुलीपेक्षा लहान. तिनं लिलीच्या कमरेवर हात फिरवला आणि लगेच चिठ्ठी दिली. माणसांचा एक्स-रे काढणारा एक ओळखीचा होता तिच्या, दुपारी पेशंट नसताना तो मागच्या दारानं कुत्र्यांचे काढून द्यायचा. फिल्म घेऊन परत आलो. बाईंनी ती काचेच्या दिव्यावर लावली आणि बराच वेळ बघत राहिल्या.

“हिला अपघात झाला होता का, काका?”

“झाला होता.”

“ओटीपोटाचं हाड मोडलेलं आहे. डावी बाजू आत दबून तशीच जुळली आहे. हे बघा.” त्यांनी पेनच्या टोकानं काळी जागा दाखवली. “पिल्लू बाहेर यायची वाट. निम्मीसुद्धा राहिलेली नाही. तेव्हा एक्स-रे नाही काढला? उपचार कुणी केले?”

आणि मी काय म्हणालो माहितीय? मी म्हणालो, “होता कुणीतरी गावठी.”

माझं मीच नाकारलं. दोन महिने लुना मारली, तळहाताची सालं निघेपर्यंत मालिश केलं, आणि एका पोरीसमोर म्हणालो, होता कुणीतरी गावठी.

“काका, हिला गाभण राहू देऊ नका. नक्की अडेल ती. त्यापेक्षा पिशवी काढून टाकू, मी करते ऑपरेशन.”

मी म्हटलं, “अहो बाई, कुत्रीचं पिल्लू ते केवढं? घुशीएवढं. त्याला वाट किती लागते? मी गायींची वासरं ओढलीत, चाळीस-चाळीस किलोची.”

“गाय वेगळी, काका,” बाई शांतपणे म्हणाल्या. फिल्मच्या पाकिटावर इंग्रजीत लिहून दिलं. मी वाचलं. माझाच शिक्का होता तो. पैदाशीस अयोग्य.

रिक्षात बसलो तेव्हा अंगाची लाही लाही होत होती. कालची पोर मला गाय-कुत्रं शिकवते! वाटेत मनाशी हिशेब जुळवत गेलो. चाल सरळ आहे. खाते-पिते. कुत्र्या उकिरड्यावर वितात, त्यांना कोण एक्स-रे काढतं? सुंभ जळाला तरी पीळ जात नाही म्हणतात, तो हा. मळ्यात पोचेपर्यंत मी स्वतःला पटवलं होतं. एखादी अनोळखी कुत्री असती तर मी स्वतः म्हणालो असतो, नको. पण लिलीला अयोग्य म्हणायचं म्हणजे माझ्या हातानं वाकडी जुळली म्हणायचं. ते माझ्या तोंडातून निघेना.

नवसा फुलांच्या ढिगाशी बसली होती. “काय म्हनल्या बाई?”

“फोटो काढला आतला,” मी म्हटलं. “ठीक आहे सगळं. मी आहे ना.”

ती हसली. लिलीच्या मानेला गच्च धरून म्हणाली, “ऐकलं का गं? मामा डॉक्टर हाय तुझा.” फिल्म माझ्या पिशवीतच राहिली.

दोन दिवसांनी वाल्मीक शेरा घेऊन आला.

दोन महिने कसे गेले सांगू? नवसा माणसांत आली. मांडवाच्या कोपऱ्यात गोधडी टाकली, ज्ञानेशच्या जुन्या शर्टांची शिवलेली. लिलीला दूध, अंडं, नाचणीची पेज. येणाऱ्या-जाणाऱ्याला पोटावर हात ठेवून दाखवायची. मला आनंद वाटायचा, नाही असं नाही. पण लिली बसून उठायला लागली की मी दुसरीकडं बघायचो.

गुढीपाडवा होऊन दोन दिवस झाले होते. सकाळी आठला वाल्मीक मोटारसायकलवर पंचवटीत आला. “डॉक्टर, चला. पहाटेपासून कळा देतीय, काही येईना.”

गेलो. लिली गोधडीवर आडवी. धापा टाकत होती, जीभ बाहेर, आणि मला बघून शेपूट हलवली तिनं. नवसा तिचं डोकं मांडीवर घेऊन बसलेली. “आला बघ, मामा आला. आता काय भ्यायचं नाय.”

मी हात धुतले, तेल लावलं. ह्या हातांनी मी शेकड्यांनी जनावरं मोकळी केली. खांद्यापर्यंत हात घालून वासराचे पाय वळवले. इथं दोन बोटं घातली. पहिल्या पेरापाशी डावीकडून हाड लागलं. पलीकडं पिल्लाचं डोकं, टेकलेलं. शेराचं पिल्लू, थोराड. दुसरं बोट पुढं सरकेना. बाईंनी पेनच्या टोकानं दाखवलेली जागा होती ती, तंतोतंत.

“काय लागतंय रे दादा?” नवसानं विचारलं.

मी म्हटलं, “जीप काढ, वाल्मीक.”

साधनाबाईंनी लगेच टेबलावर घेतलं. मला बघितलं. पोट उघडून तीन पिल्लं काढली. दोन मेलेली. एक हलत होतं. लिलीचं गर्भाशय फाटलं होतं, आतल्या आत रक्त गेलं होतं. दुपारी साडेतीनला ती संपली. नवसाचा हात तिच्या पुढच्या पंजावर होता. बराच वेळ नवसाला कळलंच नाही.

मग तिनं विचारलं, “बाई, काय झालं व माझ्या लिलीला?”

डॉक्टरीणबाईंनी माझ्याकडं पाहिलं. मी खाली पाहिलं. “होतं कधीकधी असं, मावशी,” त्या म्हणाल्या. बाहेर हात धुताना माझ्याशेजारी आल्या आणि हळूच म्हणाल्या, “काका, मी लिहून दिलं होतं ना?” त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं. मी नळाखाली हात चोळत राहिलो. बोलायला तोंड कुठं होतं!

जिवंत पिल्लाला नवसानं पदरात घेतलं. शेळीचं दूध आणून कापसाच्या बोळ्यानं पाजायची. दुसऱ्या दिवशी वाल्मीक डोकावला, पिल्लू उलटं करून नखं मोजली आणि म्हणाला, “अठराच हाय की.” नवसा असली खवळली! “नखं काय मोजतो, मेल्या? जीव मोज!” तिसऱ्या दिवशी सकाळी बोळा तोंडाशी नेला तर पिल्लानं तोंड उघडलं नाही. लिलीच्या शेजारी, शेवंतीच्या बांधाला त्यालाही पुरलं. खड्डा मीच खणला. नवसानं मला गार पाणी आणून दिलं, पाठीवर हात ठेवला आणि म्हणाली, “तू लय केलं रे दादा तिच्यासाठी.”

त्यापेक्षा तिनं मला खेटरानं मारलं असतं तर बरं झालं असतं.

महिन्याभरानं तिला आठवलं. “दादा, तिचा एक पण फोटो नाय रे माझ्याकडं. ज्ञानेशचा हाय, तिचा नाय. तू काढला व्हता ना दवाखान्यात, तो कुठंय?”

“अगं, तो आतला फोटो. हाडांचा. त्यात ती दिसत नाही.”

“नसू दे. तिचाच हाय ना?”

आज आणतो, उद्या आणतो करत मी श्रावण घालवला, पितृपक्ष घालवला. ती दर खेपेला विचारायची. शेवटी नवरात्रात पाकीट माझ्याकडं ठेवून नुसती फिल्म नेऊन दिली. तिनं ती दोन्ही हातांनी धरली, उजेडाकडं केली. “ही कंबर ना तिची? हे शेपूट. अगं बाई, शेपूट पण आलंय!” आणि रडली. मग पुढच्या खोलीच्या खिडकीत दोन चिमट्यांनी लावून टाकली, ज्ञानेशच्या फोटोशेजारी. वर झेंडूची माळ. येणाऱ्या प्रत्येकाला सांगायची, ही आमची लिली.

भाऊबीज आली. दर वर्षी जातो तसा गेलो. ओवाळताना भावाचं तोंड पूर्वेला लागतं, तशी नवसानं पाट मांडला. पूर्वेला ती खिडकी. मी पाटावर बसलो आणि समोर, नवसाच्या खांद्यावरून, सकाळच्या उन्हात फिल्म झगझगीत उजळलेली. पांढरं हाड, दबलेलं. मधली काळी जागा, चिंचेच्या आकड्याएवढी. सगळ्या घरात तो फोटो वाचता येणारा माणूस मी एकटा, आणि मलाच त्याच्यासमोर बसवलेलं. नवसानं कुंकवाचं बोट माझ्या कपाळाकडं नेलं.

मी म्हटलं, “थांब, नवसा.”

पाकीट खिशात होतं. काय म्हणून घेऊन निघालो होतो देव जाणे, पण होतं. मी ते काढलं. “ह्या फोटोचं हे पाकीट. ह्यावर बाईंनी लिहून दिलं होतं. हिला गाभण राहू देऊ नका, अडेल. मी वाचलं होतं. तुला सांगितलं नाही.”

तिच्या हातात ताट होतं. निरांजन तेवत होतं. तिनं खिडकीकडं वळून पाहिलं, मग माझ्याकडं.

“कुठं हाय ते त्यात? दाखव.”

मी उठलो आणि बोट ठेवून दाखवलं. हे हाड, ही वाट. ती जवळ जाऊन बघत राहिली. फुलं ओवणारी बाई. सुईच्या नेढ्यातून दोरा जातो की नाही हे तिला कुणी सांगायला नको.

“मी तुला म्हनले व्हते ना रे,” ती म्हणाली. “मला हीच पुरे. म्हनले व्हते ना?”

“म्हणाली होतीस.”

“मंग का रं दादा?”

“मी उभी केली होती ना तिला,” मी म्हटलं. “वाकडी जुळली, हे माझ्यानं सांगवलं नाही.” आणि चौसष्ट सालापासून नोकरी केलेला मी म्हातारा तिथं उभ्या उभ्या हुंदके द्यायला लागलो.

तिनं समजूत घातली नाही. घालू नयेच. म्हणाली, “बस खाली. दिवा इझंल.” मला कुंकू लावलं, ओवाळलं, करंजी दिली.  जेवायला वाढलं. निघताना मी विचारलं, “फोटो काढू का खिडकीतला?”

“राहू दे,” म्हणाली.

ह्याला तीन वर्षं झाली. मी जातो अजून. राखीला जातो, भाऊबिजेला जातो, मधूनच फुलं तोडू लागायला जातो. ती भाकरी करते, तब्येत विचारते. दुसरं कुत्रं पाळलं नाही तिनं. खिडकीतली फिल्म उन्हानं पिवळट पडत चाललीय, माळ मात्र ताजी असते.

परवा पुतळाबाई म्हणून खालच्या आळीची एक बाई आली. तिची शेळी दोन दिवस उठेना. मी मांडवात झेंडू निवडत बसलेलो. तिनं मला बघितलं आणि नवसाला विचारलं, “हेच का वं ते तुमचे डॉक्टर भाऊ?”

नवसा लिलीच्या फुलांच्या जुड्या बांधत होती. मान वर न करता म्हणाली, “डॉक्टर नाय. भाऊ हाय माझा.”